सभेनंतर स्नेहभोजन

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त तसं किरकोळच. परवा पुतण्याच्या साखरपुड्यात नणंदबाईंनी भर पंगतीत विचारलं, "वहिनी, तुमची ती जेवायची भिशी कशी चाललीय?" सगळे हसले. मीही हसले. (ताई, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे, आणि राग आलेला नाही. खरंच नाही!) पण रात्री घरी आल्यावर झोप काही लागेना, कारण टेबलावर एक कोरा तक्ता पडलेला होता आणि तो मलाच भरायचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ती भिशी म्हणजे आमच्या गावचा रोटरी क्लब. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्या दिवशी नवा अध्यक्ष, नवे पदाधिकारी, नवा बॅनर. यंदा प्रोग्रॅम कमिटी माझ्या गळ्यात पडली आहे. तक्त्याला तीन रकाने: वक्ते, सेवा प्रकल्प, फेलोशिप. फेलोशिप म्हणजे सहल, कोजागरी, हुरडा पार्टी, दिवाळी फराळ वगैरे. वर्षभराचं सगळं आधी ठरवून द्यायचं. भरायला अर्धा तास पुरतो. गेल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवायचा आणि तारखा बदलायच्या. आजवर सगळ्यांनी असंच केलं, मीसुद्धा केलंय.

यंदा जमत नाहीये. का ते लिहून बघते.

आधी वक्ते. आमच्या सभेला येणारे वक्ते साधारण चार प्रकारचे असतात. मधुमेहावर बोलणारे डॉक्टर, गुंतवणुकीवर बोलणारे (आणि शेवटी कार्ड वाटणारे) सल्लागार, ताणतणाव कसा घालवावा हे सांगून आमचा ताण वाढवणारे, आणि 'यशाची सात पावलं' वाले. त्यांचा परिचय करून द्यायला दहा मिनिटं, आभार मानायला दहा मिनिटं, मधे अध्यक्षांचे दोन शब्द. हे दोन शब्द दोन कधीच नसतात. आठ वाजले की मागच्या रांगेतल्या माना किचनच्या दाराकडे वळायला लागतात. पापड तळल्याचा वास आला की वक्त्याचं काही खरं नाही.

इतक्या वर्षांत मला लख्ख आठवतं असं एकच भाषण झालं. त्या दिवशी ठरलेले पाहुणे आयत्या वेळी आले नाहीत. सचिवांनी धावाधाव करून त्यांच्या गल्लीतल्या वायरमनला आणलं. तो माणूस माईकपुढे उभा राहिला तो घामाघूम. पहिली दोन मिनिटं नुसतं "नमस्कार, नमस्कार" चाललं होतं. मग कुणीतरी विचारलं, वादळात लाईट गेल्यावर तुम्ही नेमकं काय करता हो? आणि तो सुटलाच. सबस्टेशनला फोन करून लाईन बंद झाल्याची खात्री कशी करायची, खांबावर चढण्याआधी तारांना अर्थिंग का करायचं, पावसात ओल्या खांबावर पाय कसा ठेवायचा. मग तो म्हणाला, "सबस्टेशननं लाईन बंद केली तरी आमची भीती जात नाही. कुणाच्या तरी बंगल्यात जनरेटर असतो. त्याला चेंजओव्हर स्विच बसवलेला नसला, तर त्याचा करंट उलटा आमच्या लाईनवर येतो. घरातला माणूस टीव्ही बघत असतो आणि वर आमचा माणूस चिकटतो."

सभागृहात एकदम शांतता. आमच्यातल्या तिघांकडे तेव्हा जनरेटर होता आणि त्यातल्या दोघांनी तो चक्क प्लगमधून घरच्या वायरिंगला जोडलेला होता. दुसऱ्याच दिवशी दोघांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. बारा मिनिटांचं भाषण, ना स्लाईड, ना शाल-श्रीफळ. (श्रीफळ नंतर दिलं. ते आधीच्या पाहुण्यांसाठी आणलेलं होतं.)

मूळ कल्पना खरं तर हीच होती. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन जणांना जमवलं, चौघांचे धंदे वेगवेगळे. मोठ्या शहरात ओळखीचं माणूस मिळत नाही म्हणून जमायचं, आणि आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत जमायचं, म्हणून नाव रोटरी. प्रत्येक व्यवसायातला एकेक माणूस घ्यायचा हा नियम त्यातूनच आला. म्हणजे डॉक्टरला लोखंडवाल्याचं कळावं, लोखंडवाल्याला प्रेसवाल्याचं. आमच्या क्लबात आज सात डॉक्टर, पाच बिल्डर आणि चार सीए आहेत. वायरमन नाही. ग्रंथपाल नाही, एसटीतला माणूस नाही. एक बुकबाईंडर होते, गप्प गप्प असायचे. वर्गणी वाढली त्या वर्षी "तब्येत ठीक नसते" म्हणून त्यांनी राजीनामा दिला. पुढची सहा वर्षं ते मला रोज सकाळी टेकडीवर फिरताना दिसत होते. आम्ही कुणीच काही विचारलं नाही. मी अध्यक्ष असतानाही नाही.

आता दुसरा रकाना. इथेच माझा हात अडतो.

मी अध्यक्ष होते २०१४-१५ साली. आमच्या क्लबातली पहिली महिला अध्यक्ष, त्यामुळे फार उत्साह. बायकांना रोटरीत सभासद म्हणून यायला १९८९ साल उजाडलं होतं. अमेरिकेतल्या डुआर्टे नावाच्या गावातल्या क्लबानं तीन बायका घेतल्या म्हणून त्या क्लबाची सनदच काढून घेतली होती, ते प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये निकाल क्लबाच्या बाजूनं लागला. मी स्वतः आधी बारा वर्षं 'ॲन' होते. भारतात रोटेरियनच्या बायकोला ॲन म्हणतात, पोरांना ॲनेट. मी सभासद झाले तेव्हा आमच्या ह्यांनी सार्जंटला गंभीरपणे विचारलं होतं, "आता मी कोण?" अजून उत्तर आलेलं नाही. :)

असो. तर त्या वर्षी आम्ही एकतीस प्रकल्प केले. एकतीस! दर बारा दिवसांना एक. त्यातला माझा लाडका होता पूर्व भागातल्या एका झेडपीच्या शाळेतला पाण्याचा फिल्टर. तिकडे बोअरचं पाणी खारं, मचूळ. आम्ही आरओ बसवला, वर स्टीलची टाकी, चार नळ, आणि भिंतीवर काळ्या ग्रॅनाईटची पाटी. पाटीवर माझं नाव सचिवांच्या नावापेक्षा अर्धा इंच मोठं. फोटो पेपरात आला. माझ्या आईनं ते कात्रण देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं.

दोन वर्षांनी वृक्षारोपणासाठी पुन्हा त्याच भागात गेलो. परत येताना मीच म्हटलं, शाळेपाशी थांबू या, मुलं पाणी पिताना एक फोटो घेऊ.

फिल्टर बंद होता. कधीपासून? "चार-पाच महिने चालला, मॅडम," गुरुजी म्हणाले. खारं पाणी असलं की मेंब्रेन लवकर चोंदतं. ते बदलायचे पैसे शाळेकडे नव्हते. शिवाय आरओ जितकं पाणी देतो त्याहून जास्त वाया घालवतो, आणि त्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो. टँकरचं निम्म्याहून जास्त पाणी गटारात सोडणारं यंत्र आम्ही टँकरच्या गावाला भेट दिलं होतं. लाईटबिल थकलेलं, म्हणून शाळेचं कनेक्शनही मधे तोडलं होतं. चार नळांपैकी एक कुणीतरी काढून नेला होता. पाटी मात्र चकचकीत होती. ग्रॅनाईटला काय होतंय!

मी ओशाळून म्हटलं, गुरुजी, आम्ही दुरुस्त करून देतो, नाहीतर नवा देतो. त्यावर ते जे बोलले ते मी आजपर्यंत क्लबात सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "मॅडम, रागावू नका. पण नवा नको. हा एवढा न्यायची काही सोय होते का बघा. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. निर्लेखन झाल्याशिवाय मला तो हलवता येत नाही, आणि वर्गात आधीच जागा नाही."

मग त्यांनी रजिस्टर दाखवलं. तक्रार म्हणून नाही, सहज. वेगवेगळ्या संस्थांनी दिलेल्या वस्तू ओळीनं लिहिलेल्या. एकाच जूनमध्ये तीनदा दप्तरं. दोन बंद संगणक. हात धुवायचं एक बेसिन, नळजोडणीशिवाय. प्रत्येक नोंदीमागे एक बॅनर, एक फोटो, आणि गुरुजींनी पोरांना रांगेत उभं करण्यात घालवलेली एक सकाळ. पोरांनी टाळ्या किती वाजवल्या असतील हे मी मनात मोजत होते.

गाडीत कुणी फारसं बोललं नाही. एकजण म्हणाला, "सरकारी शाळांचं असंच असतं." मी मान हलवली, मान हलवणं सोपं होतं. त्यानंतर शाळेत पुन्हा कुणी गेलं नाही. फिल्टर अजून तिथंच असावा.

म्हणून माझं आता स्पष्ट मत झालंय, आणि क्लबातल्या बऱ्याच जणांना ते आवडणार नाही: वर्षाला तीस प्रकल्प करणं बंद करावं. दोन करावेत, आणि तेही पुढची पाच वर्षं तेच. अडचण आमच्या रचनेतच आहे. दर जुलैला अध्यक्ष बदलतो आणि प्रत्येकाला 'आपला' प्रकल्प हवा असतो. आधीच्या अध्यक्षाच्या फिल्टरचं मेंब्रेन बदलण्यात कुणाचा फोटो येणार? डिस्ट्रिक्टकडे अहवाल जातो त्यात नव्या कामांची संख्या दिसते. जुनं चालू ठेवलं याचा ठळक रकाना मी तरी पाहिलेला नाही.

आणि गंमत म्हणजे रोटरीनं जे सगळ्यात मोठं काम केलं ते सगळ्यात कंटाळवाणं होतं. पोलिओचं. १९८५ पासून ते जगभर चालू आहे. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झालं. दर फेरीला तेच. तेच बूथ, तोच बर्फाचा डबा, तेच दोन थेंब, डाव्या करंगळीला तीच मार्करची खूण. मग राहिलेल्या मुलांसाठी घरोघर फिरायचं. काम खरं आरोग्य खात्याचं, अंगणवाडी सेविकांचं, आशाताईंचं. त्यांच्यापुढे आमचं काही नाही. आम्ही टेबलं, मंडप, चहा-पोहे, रिक्षावरचा भोंगा, वीटभट्टीवर जायला गाडी, एवढंच. मी तेव्हा ॲन होते आणि रविवारचे किती डबे भरले त्याची गणती नाही. दर वेळी वाटायचं, पुन्हा काय तेच? देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये हावड्याला सापडली आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या दिवशी ना आमच्या क्लबात पाटी बसली, ना कुणाचं नाव मोठं झालं.

दोनच प्रकल्प घ्यायचे तर कोणते? एक तरी मला पक्का माहीत आहे. आमच्या आठवडी बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. आसपासच्या खेड्यांतून भाजी घेऊन बायका सकाळी सहाला येतात आणि दिवेलागणीला परत जातात. मधल्या बारा-तेरा तासांत जायला जागा नाही. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. माझं औषधाचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी त्यातल्या कितीजणी काउंटरला येऊन, पुरुष गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला थांबून, हळूच "ताई, जळजळ होतीया, काय तरी द्या" म्हणतात ते मी वर्षानुवर्षं बघतेय. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देता येत नाही, देऊही नये. मी त्यांना पाणी प्या म्हणते आणि दवाखान्यात जा म्हणते. पाणी प्या म्हणताना लाज वाटते. पाणी प्यायल्यावर जायचं कुठं, हे मला माहीत असतं.

हा विषय क्लबात तीनदा निघाला आणि तीनदा मागे पडला. कारण एकच: "मेंटेनन्स कोण करणार?" प्रश्न बरोबर आहे. पण फिल्टरच्या वेळी तो कुणी विचारला नव्हता. फिल्टर पाहुण्यांसमोर उद्घाटनाला छान दिसतो. संडासाची फीत कापायला पाहुणे मिळत नाहीत. आणि शिकागोच्या त्या मूळ क्लबानं पहिलं मोठं सार्वजनिक काम कुठलं हाती घेतलं असेल? १९०७ साली, शहराच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृहं व्हावीत म्हणून खटपट. आमच्यातल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नाही. सभेत सांगितलं तर माझी खेचतायत असं वाटेल त्यांना.

माझं म्हणणं असं की बांधकामाचा पैसा उभा करायच्या आधी सफाई करणाऱ्या बाईंचा तीन वर्षांचा पगार बाजूला काढा. तो निघत नसेल तर वीट ठेवू नका. जागा नगरपालिकेची आहे. परवानगीला हेलपाटे पडणार, कदाचित माझं सगळं वर्ष त्यातच जाईल आणि अहवालात शून्य लिहावं लागेल. होणाऱ्या अध्यक्षांना मी फोनवर हे सांगितलं. चांगला मुलगा आहे, माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणता ते पटतंय, पण एका प्रकल्पावर डिस्ट्रिक्टमध्ये आपलं नावसुद्धा येणार नाही." त्याचंही चुकीचं नाही. त्याला वर्षच एक मिळणार. मी माझ्या वर्षी एकतीस केले, आणि आता त्याला शहाणपण शिकवतेय.

आता तिसरा रकाना, ज्यावरून ताईंनी टोमणा मारला तो. इथे मात्र मी क्लबाच्या बाजूनं भांडणार आहे! जेवणावरून आम्हाला हसतात त्यांना मी २०१९ चा ऑगस्ट आठवायला सांगते. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि कृष्णाकाठचं आमचं गाव निम्मं पाण्याखाली. त्या आठवड्यात कुठल्या कमिटीची मीटिंग झाली नाही की ठराव झाला नाही. रात्री दोनला एकाचा फोन, "तुझ्या गोडाऊनची किल्ली कुणाकडे आहे?" दुसऱ्याला, "तुझा ट्रॅक्टर कुठाय?" ज्यांच्या घरी आपण हुरडा खाल्लाय, ज्यांच्या पोरीच्या लग्नात वाढलंय, त्यांनाच माणूस रात्री दोनला फोन करतो. आमच्या एका सभासदाचं स्पेअरपार्टचं दुकान छतापर्यंत बुडालं होतं आणि तो चिखल काढायचे पंप शोधत दुसऱ्यांच्या घरी फिरत होता. पूर ओसरल्यावर बाहेरून जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग आले, कुणी हात लावला नाही. गरज होती पंपांची, फावड्यांची आणि ब्लीचिंग पावडरची. ते कुठं मिळेल हे आमच्या त्या 'जेवायच्या भिशी'ला तोंडपाठ होतं.

तेव्हा जेवण राहू दे. फक्त हॉटेलच्या हॉलमधलं, ताटामागे भरमसाट पैसे घेणारं नको. कुणाच्या तरी गच्चीवर, पिठलं-भाकरी, खर्डा, जमलं तर जिलेबी. वर्गणी निम्म्यावर येईल. आणि मग ते बुकबाईंडर... त्यांच्याकडे कोण जाणार हा प्रश्न आहे. मीच जायला हवं. टेकडीवर आता दिसत नाहीत ते, गेले दोन महिने. चौकशी करते.

तक्ता अजून सगळा भरलेला नाही. पण जुलैचा पहिला मंगळवार काल रात्री भरला. वक्ते: पूर्व भागातल्या त्या शाळेचे गुरुजी. ते आता निवृत्त झालेत, त्यामुळे मोकळेपणानं बोलतील. विषय: 'आम्हाला काय काय दिलं गेलं'. सकाळी त्यांना फोन केला. आधी नको नको म्हणाले, मग म्हणाले, "रजिस्टर शाळेत आहे, पण मला बरंचसं पाठ आहे." प्रकल्प या रकान्यात लिहिलंय: फिल्टर परत आणणे. निर्लेखनाचा अर्ज कुणाकडे करायचा ते हल्लीच्या मुख्याध्यापिकांना विचारलंय, त्या गटशिक्षणाधिकारी कार्यालयात चौकशी करून सांगणार आहेत. गाडी स्पेअरपार्टवाल्यांची. पाटी काढायला छिन्नी-हातोडा घेऊन मी स्वतः जाणार.

फेलोशिप: आमची गच्ची, संध्याकाळी साडेसात. ताई, तुम्हीही या. भाकऱ्या थापायला माणसं कमी आहेत.